मोडण्याआधीची तयारी : सह्याद्रीतील कच्च्या वाटा आणि दुचाकी

डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे विनातक्रार चालणारी मोटारसायकल सह्याद्रीतील कच्च्या वाटेवर पहिल्या काही किलोमीटरांतच आपले दुबळे सांधे उघडे करू लागते, आणि मित्रमंडळींच्या सहलीत हे सांधे एका गाडीचे न राहता साऱ्या गटाचे होतात, कारण एक गाडी अडली की मागच्या-पुढच्या सर्वच गाड्या थांबतात. दुचाकीस्वारांच्या बोलीत ज्याला ‘ऑफरोडिंग’ म्हणतात त्या भटकंतीसाठी गाड्या तयार करण्याचे काम प्रस्तुत लेखकाने पुण्यात साधारण पंधरा वर्षे केले आहे. सुरुवातीची काही वर्षे निव्वळ हौस म्हणून, एका परिचिताच्या गॅरेजमागील पडवीत, आणि पुढची सर्व वर्षे सहा-सात जणांच्या एका कायम गटाची जबाबदारी म्हणून. या काळात जे हाती लागले त्याचा बराचसा भाग चुकांतून आला, आणि त्या चुका जशा घडल्या तशा नोंदवून ठेवणे हा या लेखनाचा हेतू आहे.

‘डर्ट बाइक’ हा शब्द बोलण्यात फार सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याचा अर्थ आधी स्पष्ट केलेला बरा. मूळ अर्थाने डर्ट बाइक म्हणजे दिवे, आरसे आणि नंबरप्लेट नसलेली, वजनाने हलकी, उंच आणि मातीच्या बंदिस्त शर्यतमार्गासाठी बनवलेली गाडी. ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही आणि मैदानापर्यंत टेम्पोतून न्यावी लागते. महाराष्ट्रातील हौशी गट जिला डर्ट बाइक म्हणतात ती बहुतेक वेळा दुहेरी उपयोगाची, म्हणजे रीतसर नोंदणी झालेली पण उंच बांध्याची, लांब शॉकअपची आणि पुढे २१ इंचांचे मोठे चाक असलेली गाडी असते. अशा गाड्या सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात येऊन फार काळ झालेला नाही. २०११ मध्ये हीरोची दीडशे सीसीची ‘इम्पल्स’ आली, २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’ आली, आणि २०१९ मध्ये आलेल्या ‘एक्सपल्स २००’ या गाडीने जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची व पुढच्या चाकाला १९० मिलिमीटर हालचाल देणारे शॉकअप बऱ्यापैकी परवडणाऱ्या किमतीत आणून दिले. त्याआधी गटात आरएक्स १०० आणि स्प्लेंडर अशा साध्या गाड्याच असत, आणि चढावर त्यांना बळ यावे म्हणून इंजिनाकडचे दातेरी चाक, म्हणजे पुढचे स्प्रॉकेट, एका दाताने लहान बसवले जाई. चौदाऐवजी तेरा दात केले की वरचा वेग थोडा घटतो, पण मागच्या चाकाला मिळणारी ओढ जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढते. बदललेल्या गाड्यांचा इतिहास एवढ्यावर आवरता येतो, कारण कोणती गाडी घ्यावी या प्रश्नावर गटांमध्ये जितका वेळ खर्च होतो तितका तो प्रश्न महत्त्वाचा नसल्याचे अनुभवाने दिसून आले आहे.

महत्त्वाची असते ती जमीन. पुण्याच्या नैर्ऋत्येला पाबे घाट ओलांडून वेल्ह्याकडे आणि तिथून केळद-मढे घाटाच्या दिशेने गेले की वाट काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बसाल्टच्या, धारदार तुकड्यांवरून जाते. ऑक्टोबरात हेच दगड गुडघाभर गवताखाली दडलेले असतात आणि बाजूच्या भातखाचरांचे बांध ओले असतात. वरंधा घाटाने खाली कोकणात उतरले की जांभ्याची तांबडी, बारीक, सर्वत्र शिरणारी धूळ सुरू होते. पूर्वेकडे नीरेच्या खोऱ्यात काळी माती असते, जिच्यातील चिकण खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की भेगाळते. या तीन जमिनी गाडीकडून तीन वेगवेगळ्या गोष्टी मागतात. पाषाण चाकावर घाव घालतो, जांभा इंजिनाच्या श्वासात शिरतो, आणि काळी माती चाक धरून ठेवते. एका जमिनीसाठी उत्तम जमवलेली गाडी दुसरीवर लंगडी पडू शकते, हे कळायला प्रस्तुत लेखकास तीन पावसाळे लागले.

काळ्या मातीचा धडा सर्वांत आधी मिळाला. सुरुवातीच्या एका सप्टेंबरात गटातील चार गाड्या पावसाने नुकत्याच भिजलेल्या शेतरस्त्यावर शिरल्या, आणि जेमतेम दोनशे मीटर अंतरात त्यांपैकी तीन गाड्यांची पुढची चाके फिरायचीच थांबली. साध्या गाडीचा पुढचा मडगार्ड टायरपासून बोटभर अंतरावर असतो. काळी माती टायरला थराथराने चिकटत त्या फटीत भरते, घट्ट होते, आणि अखेर चाकाला ब्रेक लावल्यासारखे जखडून टाकते. इंजिन चालू, मागचे चाक जागीच माती उकरते आहे आणि पुढचे चाक नांगराच्या फाळासारखे सरळ घसरत चालले आहे, असे ते दृश्य होते. बाभळीच्या काटक्यांनी आणि पेचकसाने ती माती कोरून काढायला दीड तास गेला, आणि पुढच्या दोनशे मीटरांत ती पुन्हा भरली. डर्ट बाइकचा पुढचा मडगार्ड टायरला न लागता वर, हेडलाइटच्या खाली, चोचीसारखा का बसवलेला असतो याचे कारण त्या दिवशी कोणत्याही पुस्तकाविना कळले. तोपर्यंत ती चोच ही रूपाची बाब वाटत होती.

त्या प्रसंगानंतर काही वर्षे लेखकाचा कल भर घालण्याकडे राहिला. इंजिनाखाली जाड पत्रा, हातांपुढे ढाली, जास्तीचे दिवे, मोठा कॅरिअर, रुंद फूटरेस्ट, उंच हँडल; नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत शनिवारची दुपार घालवून आणलेली प्रत्येक वस्तू गाडी अधिक सज्ज करते अशी भावना होती. यांतील काही वस्तू खरोखर लागतात. इंजिनाखालचा पत्रा पाषाणाच्या वाटेवर नसेल तर ऑइलची टाकी फुटण्याची भीती खरी आहे, आणि हातांपुढच्या ढाली करवंदीच्या जाळ्यांतून जाताना बोटे वाचवतात. परंतु प्रत्येक जोडलेली वस्तू आपल्याबरोबर दोन-चार बोल्ट घेऊन येते, प्रत्येक बोल्ट थरथरीने ढिला होतो, आणि प्रत्येक किलो वजन चिखलात पडलेली गाडी उचलताना पुन्हा मोजावे लागते. जास्तीच्या दिव्यांसाठी ओढलेली एक वायर हँडल वळताना चेंगरली, फ्यूज उडाला आणि मूळचा दिवाही गेला, तेव्हा घाटाच्या तोंडाशी अंधारात उभे राहून जो हिशेब झाला त्यातून पुढची दिशा ठरली. गाडी तयार करणे म्हणजे ती कुठे मोडेल हे आधी ओळखणे, ती जिथे मोडलेली चालेल तिथेच मोडावी अशी व्यवस्था करणे, आणि ती मोडल्यावर कोणाच्या हाताने, कोणत्या पान्याने दुरुस्त होईल हे निघण्यापूर्वी ठरवणे, अशी त्या कामाची व्याख्या हळूहळू बनत गेली.

याचे सर्वांत सोपे उदाहरण हँडलवरील लिव्हरचे देता येते. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर हँडलला ज्या पकडीने धरलेल्या असतात ती पकड कारखान्यातून गच्च आवळून येते, आणि अशी गाडी दगडावर आडवी झाली की लिव्हर तुटते. पकडीखाली हँडलवर टेफ्लॉनच्या पांढऱ्या पट्टीचे, म्हणजे नळकाम करणारे वापरतात त्याच पट्टीचे, दोन वेढे देऊन बोल्ट इतकाच आवळला की चालवताना लिव्हर हलत नाही पण तळहाताने जोर दिल्यास फिरते, तर पडल्यावर ती तुटण्याऐवजी वळते आणि हाताने पुन्हा जागेवर आणता येते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. लेखकाच्या गटात ही युक्ती आल्यापासून तुटलेल्या क्लच लिव्हरमुळे थांबलेली एकही सहल नाही. त्याआधी अशा दोन झाल्या होत्या.

आवळण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण लेखकाच्या हातून झालेली सर्वांत लाजिरवाणी चूक तीच आहे. इंजिनाचे जुने ऑइल काढण्यासाठी तळाशी एक बोल्ट असतो. सहलीच्या आदल्या रात्री, अकराच्या सुमारास, एका मित्राच्या गाडीचे ऑइल बदलल्यावर तो बोल्ट ‘वाटेत ढिला पडू नये’ म्हणून लांब पान्याने वाजवीपेक्षा अधिक आवळला गेला. पान्याला शेवटी एक मऊपणा जाणवला, जणू बोल्टाने एकाएकी विरोध सोडून दिला. हा मऊपणा म्हणजे आटे जाण्याची खूण असते. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे असल्यामुळे अतिजोरापुढे आधी कवचाचे आटे सोलून निघतात. थकवा होता, उशीर झाला होता, बोल्ट वरकरणी बसलेला दिसत होता, आणि ही गोष्ट मित्राला सांगितली गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चढावर इंजिन तापल्यावर बोल्टाभोवती ऑइलचे थेंब धरू लागले, मग धार लागली, आणि अखेर ती गाडी एका पिकअपमध्ये घालून पुण्याला परत आणावी लागली. लेथवाल्याने भोक मोठे करून नवे आटे पाडून दिले आणि गाडी चार दिवसांत पूर्ववत झाली. परंतु मित्राने वर्षभर साठवलेल्या रजेतील दोन दिवस वाया गेले होते, आणि आदल्या रात्रीचा तो मऊपणा लपवून ठेवल्याची कबुली लेखकाला त्याच्यासमोर बसून द्यावी लागली.

आवळण्याचे माप ‘न्यूटन-मीटर’ या एककात मोजतात. एक न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे शंभर ग्रॅम वजन टांगल्यावर पडणारा पीळ, असे ढोबळमानाने समजता येते. ऑइलच्या बोल्टाला गाडीनुसार वीस-पंचवीस न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभरापेक्षा थोड्या मोठ्या पान्यावर साधारण दहा किलोंचा जोर. हाताला ही मर्यादा सवयीने कळते असे जुने मिस्त्री सांगतात आणि ते खरेही आहे, पण ती सवय दिवसाउजेडी, पोटात अन्न असलेल्या माणसाच्या हाताची असते. त्या प्रसंगानंतर लेखकाने पीळ मोजणारा पाना विकत घेतला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गटाचे दोन नियम ठरले: निघण्याआधीच्या आठवड्यात कोणत्याही गाडीला नवा भाग बसवायचा नाही, आणि काम करताना जो काही संशय मनात आला असेल तो गाडीच्या मालकाला त्याच रात्री सांगायचा. मोजून आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर रंगाची एक बारीक रेघ ओढली जाते, अर्धी बोल्टावर आणि अर्धी कवचावर. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते, आणि रोज सकाळी चहा होईपर्यंत गाडीभोवती एक फेरी मारून ढिले काय झाले आहे ते पाना न लावता पाहता येते. थरथरीने हमखास सुटणाऱ्या जागी, म्हणजे नंबरप्लेट, कॅरिअर आणि सायलेन्सरची पट्टी यांच्या बोल्टांवर, लॉकटाइटचा निळा द्रव लावला जातो. तो आट्यांत सुकून बोल्ट धरून ठेवतो, पण साध्या पान्याने उघडूही देतो. तांबडा द्रव याहून हट्टी असतो आणि वाटेत उघडाव्या लागणाऱ्या कोणत्याही बोल्टाला तो लावणे चूक आहे.

चेनच्या बाबतीत नेमकी उलट दिशेची चूक सर्रास होते. सैल चेन उतरेल या भीतीने ती ताणून ठेवली जाते, आणि गाडी स्टँडवर उभी असताना ती योग्यही दिसते. मागचे चाक ज्या दुहेरी दांड्यात बसते त्याला स्विंगआर्म म्हणतात, गॅरेजच्या भाषेत चिमटा. शॉकअप दबला की हा चिमटा वर सरकतो, आणि पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याची खीळ व मागच्या चाकाचा आस हे तीन बिंदू एका रेषेत आले की चेनला पार करावयाचे अंतर सर्वाधिक होते. स्टँडवर नीट दिसणारी चेन त्या क्षणी तारेसारखी ताणली जाते आणि इंजिनातून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर सारा भार टाकते. म्हणून गटातील दोघा-तिघांनी गाडीवर बसून शॉकअप दाबायचा, चौथ्याने तीन बिंदूंची रेष पाहून चेन बोटाने हलवायची, अशी तपासणी दरवर्षी होते. लांब शॉकअपच्या गाडीची योग्य चेन स्टँडवर सैल दिसते, आणि गावातला एखादा अनुभवी मेकॅनिक ती पाहून सद्भावनेने ताणून देतो, असेही दोनदा घडले आहे.

चाकांवर सर्वाधिक वेळ जातो आणि तो जावाच. तारांच्या, म्हणजे स्पोकच्या, चाकात प्रत्येक स्पोकवर पान्याने हलके टकटक केल्यास घट्ट स्पोक टणत्कार देतो आणि ढिला स्पोक बद्द वाजतो. शांत जागी कान लावून चाकाची एक फेरी केली की कोणता स्पोक हात मागतो ते समजते. ढिला स्पोक शेजारच्यांवर भार टाकतो, मग ते तुटतात, आणि रिम ‘आऊट’ होते, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलते. हवेचा प्रश्न याहून नाजूक आहे. डांबरी रस्त्यावर पंचवीस ते तीस पीएसआय हवा चालते. कच्च्या वाटेवर ती अठरा ते बावीसपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते आणि दगडावरचा धक्का मऊ होतो. मात्र ट्यूबच्या टायरात हवा फार कमी केली तर धारदार पाषाण टायर दाबून ट्यूब रिमवर चिमटतो आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, साप डसल्यासारखी. अशी भोके दिसली की खिळा शोधत बसू नये. चूक हवेची असते.

पंक्चर काढणे हे वाचून येत नाही. लेखकाच्या गटात दिवाळीआधीच्या एका रविवारी प्रत्येकाने स्वतःच्या गाडीचे मागचे चाक काढायचे, टायर उतरवायचा, ट्यूब बदलायची आणि हातपंपाने हवा भरून चाक परत बसवायचे, अशी प्रथा आहे, आणि त्या दिवशी इतर कोणी मदत करत नाही. पहिल्या वर्षी एका मित्राला तीन तास लागले आणि लोखंडी पट्टीने त्याने नवी ट्यूबच फाडली. टायरची एक कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून धरली की दुसरी कड आपोआप सैल होते, हे कळल्यावर त्याच मित्राला पुढच्या वर्षी चाळीस मिनिटे पुरली. सोबत नेण्यासाठी दोन मापांच्या ट्यूब नेण्याऐवजी पुढच्या २१ इंची चाकाचीच ट्यूब नेली तरी चालते, कारण अडचणीच्या वेळी ती मागच्या १८ इंची टायरात दुमडून भरता येते आणि गावापर्यंत पोहोचवते. उलटे करता येत नाही.

या प्रथेचा उगम ज्या दुपारी झाला ती केळदच्या अलीकडची होती. गटातील एका मित्राने नुकतीच वेगळ्या कंपनीची गाडी घेतली होती, मागचे चाक बसले, आणि तेव्हा उघड झाले की त्या गाडीच्या आसाचा नट गटातील कोणाच्याही पान्यात बसत नाही. सहा गाड्या, सहा हत्यारांच्या पिशव्या, आणि सहांमध्ये दहा-बारा-चौदा मापांचे तेच तेच पाने. पक्कड लावून नट फिरवण्याचा प्रयत्न चालला असता बांधावरून एक वयस्कर शेतकरी खाली आले आणि म्हणाले, “नट गोल कराल दादा, थांबा जरा.” मोटारपंपाच्या खोलीतून त्यांनी पाइप पाना आणला, नटाचे कोपरे जाऊ नयेत म्हणून त्याच्या जबड्यात पत्र्याचे दोन तुकडे दुमडून बसवले, आणि एका झटक्यात तो नट मोकळा केला. पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला. येताना परत इथूनच जा आणि तो पाना पुन्हा लागला तर हाक मारा, एवढेच सांगितले. त्या वर्षापासून सहलीपूर्वी प्रत्येक गाडीच्या प्रत्येक महत्त्वाच्या नटाचे माप एका वहीत उतरवले जाते, हत्यारे सहा पिशव्यांत सहा वेळा न भरता एकदाच जुळवून गटात वाटली जातात, आणि पत्र्याचे दोन तुकडेही त्यांत असतात.

पाण्याविषयी गटाला फार कडक शिस्त पाळावी लागते. ओढा आधी पायी ओलांडून पाहिल्याशिवाय गाडी घालायची नाही, आणि पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टरला हात लावायचा नाही. इंजिन हवा ओढते तसेच पाणीही ओढते. हवा दबते, पाणी दबत नाही, आणि पाणी भरलेल्या सिलिंडरात पिस्टन वर ढकलला गेला की त्याला जोडणारा दांडा वाकतो. गाडी बाहेर ढकलून स्पार्क प्लग काढावा, मग स्टार्टर दाबावा, म्हणजे पाणी प्लगच्या भोकातून पिचकारीसारखे उडून जाते. एअर फिल्टर दाबून त्यातील पाणी काढावे आणि ऑइल दुधाळ झाले असेल तर पुढे जाऊ नये. हे सर्व गटातील प्रत्येकाला पाठ असते, आणि तरीही पाण्यात थांबलेल्या माणसाचा अंगठा आपोआप स्टार्टरकडे जातो. म्हणून ओढा ओलांडताना दोघे जण पलीकडे उभे राहतात आणि गाडी थांबताच मोठ्याने हाक देतात.

ब्रेकच्या तेलाकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत. डॉट ४ प्रकारचे तेल नवे असताना २३० अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही, पण ते हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा पुरेसा शिरला की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. कोकणात उतरणाऱ्या घाटात सतत मागचा ब्रेक दाबत गेल्यास जुने तेल उकळते, नळीत बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली पोकळ होते. पावसाळा संपल्यावर हे तेल बदलायचे, हा निर्णय गटाने वादाविना घेतला, कारण त्या पोकळ पेडलाचा अनुभव दोघांना होता. शॉकअपची बैठक, कोनसेट म्हणजे हँडलची वळणारी बेअरिंगे, केबलींना तेल, बॅटरीचे टोक, ही कामे महत्त्वाची असली तरी कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये रीतसर होतात आणि त्यांवर येथे अधिक लिहिण्यासारखे नाही.

गाडी कुठे न्यायची नाही, हाही तयारीचाच भाग आहे, आणि ही जाणीव गटाला उशिरा झाली हे मान्य केले पाहिजे. कोकण-सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी सपाट पठारे, उन्हाळ्यात ओसाड दिसतात आणि दुचाकीस्वाराला मोकळे मैदान वाटतात. प्रत्यक्षात त्या बोटभर मातीत पावसाळ्यात उगवणाऱ्या फुलांचे कंद आणि बी दडलेले असते, आणि टायरचा एक चर अनेक वर्षे भरून येत नाही. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, पण ज्यांना असे नाव मिळालेले नाही अशा सड्यांची मातीही तितकीच पातळ आहे. सुरुवातीच्या वर्षांत गटाने अशा एका सड्यावर तासभर गाड्या फिरवल्या होत्या. पुढच्या पावसात पायी तिथे गेल्यावर हिरव्या-जांभळ्या विस्तारात आपल्याच टायरांचे तपकिरी पट्टे दिसले, आणि त्यानंतर गटाचा नियम असा झाला की गाडी बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या वाटेवरच चालेल, वनखात्याच्या हद्दीत परवानगीविना शिरणार नाही, आणि फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात उभी केली जाणार नाही, कारण तापलेल्या सायलेन्सरला कुसळे लागली तर वणवा पेटायला वेळ लागत नाही. सायलेन्सर बदलून आवाज वाढवण्याची टूम याच काळात गटातून गेली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांना आळा घालतेच, पण त्याआधी गुरे बिथरतात, आणि ज्यांच्या बांधावरून वाट जाते त्यांच्याशी बोलणे अवघड होते.

या साऱ्या कामांत लेखकाला सर्वांत प्रिय काम विचारले तर ते एअर फिल्टरचे आहे. गटातील बहुतेक गाड्यांना आता फोमचा, म्हणजे स्पंजासारखा, फिल्टर बसवलेला आहे, कारण कागदी फिल्टर धुता येत नाही आणि जांभ्याच्या धुळीत दोन दिवसांत कोंडतो. फोम आधी रॉकेलमध्ये बुडवून दाबायचा, मग साबणाच्या कोमट पाण्यात, मग स्वच्छ पाण्यात. तो कधीही कपड्यासारखा पिळायचा नाही, कारण पिळल्याने त्याचे चिकटवलेले जोड उसवतात. सावलीत पूर्ण वाळल्यावर त्याला फिल्टरचे चिकट तेल सर्वत्र सारखे लावायचे आणि कडांना बोटाने ग्रीस फिरवायचे, म्हणजे धूळ फटीतून आत जात नाही. निघण्यापूर्वी हे काम होते तसेच परतल्यावर दुसऱ्या दिवशीही होते, आणि परतल्यावरचे काम अधिक बोलके असते.

मागच्या डिसेंबरात कोकणातून परतल्यावर सहा फिल्टर एका ओळीत सहा बादल्यांत घातले गेले. सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या बादलीतले पाणी चहाच्या रंगाचे झाले, मधल्यांचे विटकरी, आणि सहाव्या बादलीत जणू काव कालवल्यासारखा तांबडा गाळ बसला. फोमच्या आतल्या बाजूलाही तांबूस छटा उतरलेली होती. धूळ सर्वांना सारखी वाटून जावी म्हणून तासातासाने क्रम बदलायचा असे ठरले होते, पण दोन्ही दिवस शेवटी एकच मित्र चालला होता, कारण जड हत्यारांची पिशवी त्याच्या गाडीवर होती आणि कोणी अडले तर पाना मागून पोहोचावा असे त्याला वाटत होते. त्याने हे कोणाला सांगितले नव्हते. वहीत त्याच्या गाडीच्या पानावर ‘फिल्टर नवा, ऑइल लवकर बदलणे’ अशी नोंद झाली, आणि तिच्याखाली दुसऱ्या एकाने आपल्या अक्षरात लिहिले की पुढच्या वेळी पिशवी दोन गाड्यांवर वाटायची.